थंडी सोसत नाही

१ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी सहा.

ही डायरी द्राक्षाच्या औषधाच्या कंपनीची. शांतिनाथकाकांना दोन मिळाल्या, एक मला दिली. अकरा महिने कोरे गेले. बाराव्यात आयुष्याला वळण लागलं, म्हणून लिहायला घेतो.

पुण्याहून आइस हॉकीवाल्या सेक्रेटरी साहेबांचा फोन आला. सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांसाठी स्काऊट म्हणून माझं नाव घातलंय. स्काऊट म्हणजे कोवळ्या पोरांतून उद्याचा खेळाडू ओळखणारा माणूस. पंधरा वर्षांखालचं एक नाव द्यायचं, मुलगा असो वा मुलगी. जानेवारीत हिमाचलात स्पितीला कॅम्प. तिथं खरा बर्फ. दोन जिल्ह्यांत मिळून एकच सीट. रिपोर्ट वीस तारखेला.

माझीच निवड का, तर अनुभव. गुरुग्रामच्या मॉलमधल्या बर्फाच्या रिंकवर मी सात महिने होतो. बूट द्यायच्या काउंटरला होतो, पण काउंटर रिंकच्या बरोबर समोर. त्याआधी लेहला एक सीझन. तिथं ढाब्यावर. मी स्वतः बर्फावर कधी उभा राहिलो का, हे साहेबांनी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. बैल पारखणारा माणूस काय स्वतःला गाड्याला जुंपून दाखवतो?

आमचे आजोबा खरसुंडीच्या बाजारात खिलार खोंड नुसता चार पावलं चालताना बघायचे आणि सांगायचे, हा तीन वर्षांनी शर्यत मारणार. ती नजर वडिलांकडे गेली नाही. सरळ माझ्याकडे आली.

ठरवलं: रोज पाचला उठणे. रोज दहा पोरं बघणे. शर्यतीचे व्हिडिओ पूर्ण बंद.

२ डिसेंबर, सोमवार. सकाळी साडेनऊ.

उठलो. बाहेर थंडी होती. या धंद्यात थंडीचा अंदाज घ्यावा लागतो, तो अंथरुणातून घेतला.

४ डिसेंबर, बुधवार.

आमच्या पलूसमध्ये बर्फ फक्त रसवंतीत. त्यामुळे पोरं चाकाच्या बुटांवर आइस हॉकी शिकतात, मंगल कार्यालयाच्या फरशीवर. लग्नाचा मुहूर्त असला की प्रॅक्टिस बंद. आज मुहूर्त नव्हता.

सात पोरं होती. सहांना नजरेनंच बाद केलं. सातवी मदिहा. मोहिद्दीनचाचांची मुलगी, आठवीत. चाचांचं ग्रिल-वेल्डिंगचं दुकान आहे, गोलपोस्ट त्यांनीच चौकोनी पाइपातून करून दिलेत. पोरगी बारकी. पाय काडीसारखे. आजोबांनी बाजारात अशा खोंडाकडे वळूनही बघितलं नसतं.

पण सुटली आणि मी वहीत ‘बारकी’ लिहीपर्यंत दोन गोल झाले होते. वळताना स्पीड कमी होत नाही. मान खाली घालून बॉल बघत नाही, समोर बघते. मॉलमध्ये सात महिन्यांत असं वळणारं माणूस मी एकच बघितलं, तो रशियन होता आणि आम्हाला टीप द्यायचा.

लिहून ठेवलं: हिच्यात काहीतरी आहे. हे आपल्याशिवाय कुणाला दिसलं नसतं.

(तिथं बसलेल्या वॉचमनलाही दिसलं होतं. तो म्हणाला, ‘ती पोरगी लय भारी हाय बगा, बाकीची आपली झाडलोट करत्यात.’ पण ते शास्त्रशुद्ध नाही.)

७ डिसेंबर, शनिवार.

शिरवळ. शंभूराज, वय चौदा. मांडी भरीव, खांदा रुंद, नजर शांत, चालताना मागचं पाऊल पुढच्याच्या जागी पडतं. खोंड असता तर जागेवर इसार दिला असता. वडिलांनी मला हायवेवरून स्कॉर्पिओतून नेलं. स्केटिंग पाच मिनिटं बघितलं, जेवण दीड तास. त्यांच्या मंडळींनी मी जैन म्हणून कांदा-लसूण न घालता वेगळी आमटी केली होती. माणसं संस्कारी. पोराचं बॅकग्राउंड बघणं हाही स्काऊटिंगचा भाग.

येताना साताऱ्यात उतरलो. एकाला भेटायचं होतं. तो नव्हता, तर दुसऱ्याला भेटलो. उद्या रविवारी घरी.

१० डिसेंबर, मंगळवार.

डोक्यात लख्ख आयडिया आली. स्पितीला उणे वीस. पोरं फरशीवर कितीही पळोत, थंडीत टिकतील का हे कुणी बघितलंय? कुठल्याच स्काऊटनं नाही. कारण त्यांचे काका बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज चालवत नाहीत.

शांतिनाथकाकांकडे गेलो. आत चार डिग्री. काका म्हणाले, ‘येडा हायस का रं? हितं बेदाणा ठेवत्यात, पोरं न्हाईत.’ मी राज्य, देश, स्पिती वगैरे सांगितलं. काका बेदाण्याचा एक दाणा बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, दहा मिनिटं, वर एक मिनिट नाही, आणि रजिस्टरला नोंद करायची.

काकांचं रजिस्टर दारालाच टांगलेलं असतं. हमाल असो, व्यापारी असो, स्वतः काका असोत. नाव, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, शेरा. वीस वर्षं एक ओळ चुकलेली नाही. असला जुनाट कारभार.

१५ डिसेंबर, रविवार. सकाळी साडेनऊ.

आज टेस्ट. मदिहा आणि शंभूराज. शंभूराजला वडील गाडीतून आणतायत. घड्याळ, वही, दोन पेन. पूर्ण शास्त्रशुद्ध.

संध्याकाळी सहा.

टेस्ट झाली. शंभूराज नऊ मिनिटं. मदिहा एक्केचाळीस. बेदाणा यंदा रंगाला चांगला आहे.

१६ डिसेंबर, सोमवार.

काल सगळं लिहिलं नाही. पानावर जागा कमी होती.

(आत्ता बघितलं, अर्धं पान कोरं आहे.)

झालं असं. अकरा-दहाला तिघं आत गेलो. मी दोघांना नीट इन्स्ट्रक्शन दिली: मी सांगितल्याशिवाय बाहेर यायचं नाही. चौथ्या मिनिटाला माझे कान दुखायला लागले. माझी टेस्ट नव्हतीच, म्हणून ‘आलोच’ म्हणून बाहेर आलो. बाहेर येताच फोनला रेंज आली आणि शर्यतीवाल्या आकारामचा फोन. त्यानं नवा खोंड आणलाय, नाव सरपंच. टेम्पो कुंडल फाट्यावर थांबलाय, दहा मिनिटांत जाणार, बघायचा तर ये.

दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. हिशोब बरोबर होता. पण सरपंचचा खांदा असा आहे की माणूस घड्याळ विसरतो.

शंभूराज नवव्या मिनिटाला आपलं आपण बाहेर आला. वडिलांनी त्याला गाडीत हीटर लावून बसवलं आणि पोरानं चांगलं केलं म्हणत निघूनही गेले. मी परत आलो तेव्हा काका नुकतेच गेटवरून आले होते. म्हणाले, ‘आत कोन हाय रं?’ मी म्हणालो, कोणी नाही. काकांनी रजिस्टरवर बोट ठेवलं. मदिहाच्या नावापुढं ‘बाहेर’चा रकाना मोकळा होता.

दार उघडलं. बेदाण्याच्या बॉक्सवर बसली होती. हात काखेत. ओठ जांभळे. आम्हाला बघून उठली आणि विचारलं, ‘दादा, झाली का येळ?’

दाराला कडी नव्हती. आतून दाबलं की उघडतं. कडी नव्हती हे इथं लिहून ठेवतो. कडी नव्हती.

आज तिला ताप आहे असं कळलं.

१७ डिसेंबर, मंगळवार.

मोहिद्दीनचाचांच्या घरी गेलो. सगळं सांगून टाकायचं ठरवून गेलो होतो. वाटेत वाक्यही पाठ केलं: चाचा, चूक माझी आहे.

माझं तोंड उघडायच्या आत चाचाच म्हणाले, ‘चूक माझीच हाय, भरतेश. स्वेटर पातळ घातला पोरीला. तू येवडं तिच्यासाठी करतोयस आन् मला स्वेटरचं ध्यान न्हाई.’

माझं पाठ केलेलं वाक्य चाचांनीच वापरून टाकलं.

जरिनाचाचींनी नानकटाई ठेवली समोर. मला म्हणाल्या, ‘खा बिनधास्त, अंडं न्हाई. तू येनार म्हनून येगळी भाजून आनली बेकरीतनं.’ एक खाल्ली. चौथी संपली की सांगू असं ठरवलं. चौथीनंतर चहा आला. मदिहा आतल्या खोलीतून गोधडीतून ओरडली, ‘दादा, रशियाची पोरं किती मिंटं बसत असतील वो?’ मी म्हणालो, साधारण वीस. ती म्हणाली, ‘मंग बरंय.’

घरी आलो. रात्रीचं जेवण नको म्हणालो. आक्काताई (आमची आई, सगळं गाव तिला आक्काताईच म्हणतं) म्हणाली, दिवस मावळायच्या आत जेवायचा नेम धरलास की काय, बरं झालं, पुण्य लागेल. पुण्य!

१९ डिसेंबर, गुरुवार.

रिपोर्ट भरायला बसलो. स्केटिंग: मदिहा ९, शंभूराज ५. नजर: मदिहा ९, शंभूराज ६ (शांत आहे). बांधा: शंभूराज १०. इथपर्यंत प्रामाणिक.

मग रकाना: थंडी. एक्केचाळीस मिनिटं लिहिलं तर साहेब विचारणार, दहा मिनिटांच्या टेस्टला एक्केचाळीस कशी? स्काऊट कुठं होता? स्काऊट सरपंचच्या खुराकडे बघत होता.

शांत डोक्यानं विचार केला. पोरीला ताप आला की नाही? आला. थंडीनं आला की नाही? थंडीनं आला. मग थंडी सोसली असं कसं म्हणणार? टेक्निकली नाहीच. शेरा लिहिला: ‘थंडी सोसत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पाहावे.’

शंभूराज: ‘वेळेवर बाहेर येण्याचं भान उत्तम.’

अक्षर फार सुंदर आलंय. इतकं सुंदर अक्षर माझं आजवर आलं नव्हतं.

२० डिसेंबर, शुक्रवार.

पाठवला. दोन निळ्या टिका. सुटलो.

दुपारी चार. सुटलो नाही.

२१ डिसेंबर, शनिवार.

बसस्टँडला जायला चाचांच्या दुकानावरून सरळ रस्ता आहे. मी हल्ली मागून, शाळेच्या बाजूनं जातो. मोकळी हवा लागते. तब्येतीला बरं.

आज मागूनच जात होतो तर चाचा समोरून, एम-एटीवर, मागं पाइप बांधलेले. थांबले. माझ्या गाडीचं चेनकव्हर लोंबत होतं. तिथंच रस्त्यात तार काढून बांधून दिलं. म्हणाले, दुकानात ये, वेल्डिंगचा एक टाका मारतो, पैशाचं बोलायचं न्हाई. मी म्हणालो येतो. जाणार नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार.

साहेबांनी पालकांसकटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिस्ट टाकली. शंभूराज. खाली दोघांचे शेरे, माझ्या सहीसकट. पारदर्शकता म्हणे. हे आधी सांगायला हवं होतं.

संध्याकाळी मदिहा सायकलवरून घरी आली. मी आत होतो, पण आक्काताईनं ‘हाय की आत’ म्हणून सांगून टाकलं. मला वाटलं रडेल. रडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, ‘दादा, शेरा वाचला. थंडीची सवय लागती का? किती दिवसात लागती?’

मी म्हणालो, एकवीस दिवस. का म्हणालो माहीत नाही. एकवीस आकडा शास्त्रशुद्ध वाटतो.

ती वहीत लिहून घेऊन गेली. जाताना म्हणाली, अब्बा म्हणतात तुमची नजर चुकायची नाही.

२६ डिसेंबर, गुरुवार.

काकांनी विचारलं, ‘त्या मोहिद्दीनच्या पोरीला काय सांगितलंस रं तू?’

ती कालपासून दुपारी कोल्ड स्टोरेजला येते. काकांनी हाकललं तर म्हणाली, काका, मी बेदाणा खाणार नाही, नुसती बसणार, भरतेशदादांनी सांगितलंय. दहा मिनिटांनी काका दार वाजवतात, बाहेर काढतात, कोमट पाणी देतात, परत आत. बेदाणा निवडणाऱ्या बायका तिला ‘थंडीवाली’ म्हणतात. आमची विजयमालाकाकू तिच्या कानांना रुमाल बांधून देते.

ठरवलं: उद्या सकाळी साहेबांना फोन. नऊला. अलार्म लावला.

२७ डिसेंबर, शुक्रवार.

नऊला साहेब ऑफिसच्या वाटेवर असतील. अकराला मीटिंगमध्ये. एकला जेवत. तीनला मी आकारामकडे होतो, सरपंचला पहिल्यांदा जुंपायचं होतं. सरपंच दोन पावलं चालला आणि बसला. उठेना. आकाराम म्हणाला, ‘तूच म्हनला हुतास ना, खांदा बग म्हनून?’

खांदा आहेच. बसणं वेगळं.

२८ डिसेंबर, शनिवार.

काकांनी बोलावलं. दाराशी उभं राहून रजिस्टर मागं उलटत गेले. पंधरा डिसेंबरच्या पानावर थांबले. चार ओळी. भरतेश, आत ११.१०, बाहेर ११.१४. शंभूराज, आत ११.१०, बाहेर ११.१९. मदिहा, आत ११.१०, बाहेर ११.५१. आणि चौथी पुन्हा माझी, परत आत ११.५१, काकांच्या हातची.

मग खिशातून फोन काढून माझा रिपोर्ट दाखवला. काकाही ग्रुपवर आहेत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीच त्यांना ॲड केलं होतं, म्हणे, टेस्टची जागा म्हणून.

ओरडतील असं वाटलं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘भरतेश, हितं चुकीची येळ लिवत न्हाईत. माल खराब हुतो.’

आणि आत गेले. आधी सही करून.

३० डिसेंबर, सोमवार. दुपारी.

केलं. साहेबांना व्हॉइस मेसेज पाठवला. चार मिनिटं बारा सेकंद. त्यात तीन मिनिटं आजोबांचीच झाली, पण शेवटी सगळं सांगितलं: मी बाहेर गेलो, बैल बघत बसलो, पोरगी मी सांगितलं म्हणून बसून राहिली, शेरा खोटा. आवाज फुटला शेवटी. परत ऐकला. चांगला फुटलाय.

आता हलकं वाटतंय. उद्या साहेब म्हणतील, भरतेश, चूक सगळ्यांकडून होते, कबूल करायला छाती लागते. मग मदिहाचं नाव जाईल. चाचांना मी स्वतः जाऊन सांगणार. सरळ रस्त्यानं.

पाच वाजता.

उत्तर आलं. ‘माहीत आहे. रजिस्टरचा फोटो २८ लाच मिळाला. शिरवळच्या मुलाचा नकार आला आहे, नऊ मिनिटं पुरे झाली म्हणतो. मुलीचं नाव घातलं, घरी कळवलं. पुढच्या वर्षापासून दोन्ही जिल्हे तुमचे काका बघतील.’

मेसेज ऐकला होता का, हे विचारलं. निळी टीक आली. उत्तर नाही.

३१ डिसेंबर, मंगळवार.

चाचांच्या गल्लीत पेढे वाटले. आमच्या घरीही आले. आक्काताईनं मला दोन दिले. म्हणाली, पोरीला तूच हुडकलंस ना, खा.

खाल्ले.

५ जानेवारी, रविवार.

डायरी संपली. हे ‘पत्ते व फोन नंबर’च्या पानावर लिहितोय.

मदिहा उद्या निघणार. चाचा पुण्यापर्यंत सोडायला. माझं तिच्याशी अजून बोलणं झालेलं नव्हतं. ठरवलं, आज कोल्ड स्टोरेजच्या आतच सांगायचं. तिथं रेंज नाही, आकारामचा फोन येणार नाही, मन भरकटणार नाही. दोन स्वेटर, काकांचं जाकीट, कानटोपी, वर आक्काताईची शाल.

ती बॉक्सवर बसली होती, हातात चाचांचे वेल्डिंगचे चामडी ग्लोव्हज, कोपरापर्यंत. मला बघून सरकली, जागा दिली. दार लागलं.

मी म्हणालो, मदिहा, त्या दिवशी. मग म्हणालो, त्या दिवशी बेदाणा चांगला होता नाही? ती म्हणाली, व्हय. मी म्हणालो, ते नव्हे, मी त्या दिवशी ‘आलोच’ म्हणून गेलो ना. ती म्हणाली, ‘बोला की दादा. मी हाय हितंच.’ दात वाजायला लागले. जीभ वळेना. कानाच्या पाळ्या आहेत की गेल्या ते कळेना. वाक्य पुढं होतं, अगदी ओठावर, पण ओठ कुठं आहेत तेच सापडेनात.

मी म्हणालो, आलोच.

बाहेर उन्हात येऊन उभा राहिलो. काकांनी रजिस्टर पुढं केलं. वेळ लिहिली. आत ४.०२, बाहेर ४.०८. तिची दहा मिनिटं भरली तशी ती बाहेर आली, तोंड लालबुंद, हसत. कोमट पाणी प्यायली. स्वतःची वेळ लिहिली. मग पेन तसंच हातात धरून माझ्या ओळीकडे बघत राहिली, ग्लोव्ह काढला, आणि शेऱ्याच्या रकान्यात सावकाश, शाळेच्या वळणदार अक्षरात लिहिलं:

थंडी सोसत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पाहावे.

पेन माझ्याकडे दिलं. मी खाली सही केली.